कापसाच्या खोलीतलं बटन

आमच्या पत्रकातलं पहिलंच वाक्य होतं : बटनाला हात लावण्याआधी पायात कोरडी चप्पल घाला. मजकूर पुण्याहून आला होता. तो लिहिणाऱ्याच्या घरात कापूस कधी भरला नसावा. आमच्या वऱ्हाडात कापूस घरात आला की ती लक्ष्मी. ज्या खोलीत तो रचला, तिथं चप्पल घालून कोणी जात नाही. बाया जात नाहीत, गडी जात नाहीत, तापानं फणफणलेला माणूसही चप्पल उंबऱ्याबाहेर काढतो. हे वाक्य बदला म्हणून मी बैठकीत भांडले, तर एकजण म्हणाला, "अंधश्रद्धेसाठी विज्ञान बदलायचं का?" मी म्हटलं, विज्ञान नको बदलू, बटन बदल. तो हसला. पत्रक तसंच छापलं गेलं.

मी अकोल्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला. नंतर अमरावतीत राहून आम्ही काही पोरंपोरी घरातल्या विजेबद्दल पत्रकं वाटत फिरायचो. आठवडी बाजारात उभं राहायचं, लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात भजी बांधून न्यायचे. माझा आवाज तेव्हा मोठा होता, अजूनही आहे.

मोठी बहीण चांदूर बाजारजवळच्या एका गावात दिलेली. त्या हिवाळ्यात तिच्या शेजारची सून गेली. बहिणीच्याच वयाची. दोघी भिंतीवरून विरजण देत-घेत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत. ती संध्याकाळी कापसाच्या खोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही. घरच्यांनी सांगितलं, हार्ट अटॅक. डॉक्टरला दाखवलं नाही, पोलिसांना कळवलं नाही, अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. दिवसभर वावरात वाकून कापूस वेचणारी धडधाकट बाई, आणि हार्ट अटॅक! बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "त्यांच्या खोलीतलं बटन आमच्यासारखंच होतं. एकाच माणसानं दोन्ही घरी बसवलं होतं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं निघाले. पिशवीत कपडे कमी आणि सामान जास्त : टेस्टर, पक्कड, वायरचं बंडल, नवं बटन, प्लास्टिकचा बंद डबा, तार झाकायची केसिंग पट्टी.

भाऊजी ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आली बाप्पा आमची पत्रकवाली! आता आमाले बत्ती लावाले शिकोते."

"लावायला नाही, विझवायला शिकवते," मी म्हटलं.

कापसाची खोली पुढचीच. जाडजूड पांढऱ्या मातीची भिंत. परदेशातल्या कुठल्याशा लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाच्या पैशातून त्यांच्या खापरपणज्यानं ती बांधली, असं भाऊजी प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्या भिंतीत विजेची वायर गेली ती त्यांच्या बापाच्या काळात. लाकडी बोर्ड, त्यावर काळं बटन, बटनाची टोपी फुटलेली. वायरचा जोड उघडाच, त्याला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. कापूस छातीपर्यंत आला होता आणि बोर्डाला टेकला होता.

"बटन झटका देते का?" मी बहिणीला विचारलं.

"थोडं मुंग्यावानी येते. मी लाटण्यानं दाबतो."

"आणि लाटणं हाताशी नसलं तर?"

कोपऱ्यात बादली होती आणि तिच्यात कडुलिंबाची डहाळी.

ती बादली कशासाठी, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कापूस विकायला न्यायच्या आधी त्यावर डहाळीनं पाणी शिंपडतात, म्हणजे वजन भरतं. व्यापारी काट्यात मारतो, शेतकरी पाण्यात भरून काढतो, आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणतात. त्या भांडणात मला पडायचं नाही. पण पाणी शिंपडतं कोण? बाई. दिवसाची बाकी कामं उरकल्यावर, तिन्हीसांजेला. ओल्या हातानं, अनवाणी पायानं, सारवलेल्या ओल्या जमिनीवर उभी राहून ती बटन दाबते. माणूस मारायचं यंत्र कोणी मुद्दाम बनवायला बसला असता, तर त्याला याहून वेगळं काही सुचलं नसतं.

मी भाऊजींना आत बोलावलं. बटन बंद होतं, बल्ब विझलेला. मी कोरड्या गोणीवर उभी राहिले आणि टेस्टर होल्डरला लावला. टेस्टर पेटला. बोर्डाच्या स्क्रूला लावला. तिथंही पेटला.

"बटन तं बंद हाय ना?" भाऊजी म्हणाले.

"बटन बंद आहे, करंट चालू आहे. बसवणाऱ्यानं बटन उलट्या तारेवर टाकलं. करंट आणणारा फेज सरळ होल्डरला जातो, बटन फक्त परतीची न्यूट्रल तार तोडतं. उजेड जातो, मरण जात नाही. आणि आत कुठंतरी उघडी तार स्क्रूला टेकली आहे."

"बरं. कापूस विकला का बदलू."

"आज."

"आज कसं? रचलेला माल हाय. पुढच्या हप्त्यात गाडी येऊन राह्यली."

"शेजारची सून मेली तेव्हा तिच्या घरीही माल रचलेलाच होता."

"तिले अटॅक आला," भाऊजी चिडून म्हणाले. "तू काहून दुसऱ्याच्या घराची बदनामी करून राह्यली? पाहुणी आली, पाहुण्यासारखी राय."

मी आवाज चढवला. बहिणीनं माझा हात दाबला. मी तो झटकला आणि म्हटलं, "हिला काही झालं तर तुम्हीही अटॅकच सांगाल ना? कारण करंट म्हटलं की पोलीस येणार, पंचनामा होणार, ओला कापूस दिसणार, मग व्यापारी हात लावणार नाही. खरं की खोटं?"

उत्तर आलं ते मागून. बहिणीची सासू दारात उभी होती. मला ही बाई कधीच आवडली नव्हती. लग्नात माझ्या मोठ्या आवाजावरून तिनं मला चारचौघांत टोमणा मारला होता, "ह्या पोरीले सासर भेटन, पण सासू नाई भेटाची." आता ती भिंतीकडे बघत बोलत होती.

"तिची आंघोळ म्या घातली. उजव्या हाताची बोटं काळी पडेल होती. हळद लावून झाकली."

"माय, गप्प राय," भाऊजी म्हणाले.

"गप्पच होती ना, बाप्पा. त्यायच्या घरचा मानूस म्हने, कोनाले सांगू नोका, माल पडून राहीन. म्या नाई सांगतलं." मग सुनेकडे वळून म्हणाली, "पोरी, चादरी आन."

चादरी आल्या. म्हातारीनं स्वतःच्या हातानं बोर्डाजवळचा कापूस ओंजळी ओंजळीनं मागे घेतला. ती खाली वाकण्याआधी मी मेन स्विच बंद केला होता. टेस्टर आधी चालू लाईनवर तपासलेला होताच. मेन पाडल्यावर पुन्हा होल्डरला, स्क्रूला, दोन्ही तारांना लावून पाहिला. आता कुठंच पेटला नाही. मेनमध्ये फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घातलेली, ती काढून योग्य फ्यूज तार घातली. मेन बंद असला तरी मी ओल्या जमिनीवर उभी राहणार नव्हते. गोणी खालून ओलावली होती. मी बहिणीला म्हटलं, "माझी चप्पल आण."

बहीण जागची हलली नाही.

म्हातारी आत गेली आणि लाकडी पाट घेऊन आली. जेवायला बसायचा, पूजेला मांडायचा, तोच. पदरानं कोरडा पुसून तिनं माझ्या पायाशी ठेवला. "ह्याच्यावर उभी राय. लाकूड हाय. लक्ष्मीलेबी चालते, तुह्या करंटलेबी."

पुण्याहून आलेल्या मजकुरात हे नव्हतं.

जुना बोर्ड काढला. आत चिंधी अर्धी जळून काळी झाली होती. ती भाऊजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी तिचा वास घेतला आणि ती मुठीत धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी भिंतीतली जुनी तार पुरती ओढून काढली, टोक आत सोडलं नाही. नवी तार पट्टीतून उंचावरून नेली, कापसापासून दूर. बटन खोलीच्या बाहेर, दाराशेजारच्या कोरड्या भिंतीवर, बंद डब्यात बसवलं. फेज आधी बटनात, तिथून होल्डरला. प्रत्येक जोड स्क्रूखाली आवळून ओढून पाहिला. मग मेन चालू केला. बल्ब पेटला. बटन बंद करून टेस्टर होल्डरला लावला, तो विझलेलाच राहिला. मी बहिणीला म्हटलं, आता आत जायच्या आधी चप्पल पायात असतानाच, कोरड्या हातानं उजेड कर. पाणी नंतर. आणि पाणी शिंपडायचं थांबवलं तर त्याहून बरं. शेवटच्या वाक्यावर ओट्यावरून खोकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी बहीण बादली घेऊन आली. हात सवयीनं आतल्या जुन्या जागेवर गेला. तिथं मी ओली माती भरून भोक बुजवलं होतं. तिची बोटं त्या मातीत उमटली. ती बादली खाली ठेवून रडली. मैत्रीण गेल्यापासून पहिल्यांदाच, असं सासू म्हणाली.

म्हातारीनं पाट उचलला आणि काखेत धरला.

"माय, कोठी चालली?" भाऊजींनी विचारलं.

"बाजूच्या घरी. उन्हाळ्यात त्यायच्या घरी दुसरी सून येऊन राह्यली. खोली तेच, बटनबी तेच." मला म्हणाली, "तुहा पेटनारा पाना घे. आन तोंड बंद ठेव, बोलाचं मी बोलतो."

शेजारचा म्हातारा, गेलेल्या सुनेचा सासरा, दारात आला. पाट पाहिला, माझ्या हातातला टेस्टर पाहिला. "आमच्या घरी काय झालं नाई, बाई," तो म्हणाला.

"तिची बोटं म्या धुतली," म्हातारी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण उंबऱ्यावरून हललीही नाही.

मग त्यानं तिच्या काखेतला पाट घेतला, पायातली चप्पल काढली, आणि कापसाच्या खोलीत जाऊन भिंतीजवळ ठेवला.