साहेबांनी सांगितलेली लस

सिल्वासातली गोष्ट आहे, नव्वदच्या दशकातली. मसाटच्या एका औषध कंपनीत मी मायक्रोबायोलॉजिस्ट होते. त्या दुपारी इनक्युबेटर उघडला, तर रॅकमधली एक नळी गायब...

साधीसुधी असती तर मी आधी जेवून घेतलं असतं. पण त्या नळीत टायफॉइडच्या जातकुळीतला जंतू होता. आमच्या सिरपमध्ये असले जंतू नाहीत ना, हे तपासताना तुलनेसाठी तो जिवंत वाढवून ठेवावा लागतो. गढूळ पिवळसर पाणी, वर कापसाचा बोळा... बघणाऱ्याला कसलंतरी टॉनिकच वाटावं.

मी मुळातच उतावळी. फ्रीज पाहिला, सिंक पाहिलं, सगळे ट्रे खालीवर केले. नळी कुठेच नाही. मग सकाळचा चहा आठवला.

आमचे साहेब पुण्याचे. ते बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड होणार हे ठरलेलं. त्या दिवशी कुठल्याशा मासिकात वाचलेलं सांगत होते... शास्त्रज्ञ म्हणे टायफॉइडच्या जंतूचे दात काढतात, म्हणजे आजारच करता येणार नाही इतका त्याला दुबळा करतात. मग त्याच्या अंगात मलेरियाच्या जंतूचा एक तुकडा बसवतात. तो पोटात गेला की शरीर मलेरिया ओळखायला शिकतं. सुई नाही, काही नाही, घोटभर प्यायचं की झालं.

प्रयोग अजून चालू आहेत, हे साहेबांनी शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं. त्याआधी मोठ्याने काय केलं, तर काचेपलीकडच्या रॅककडे बोट दाखवून म्हणाले, "हाच तो गडी. आपल्याकडेही आहे."

काचसामान धुणारा सुपडू तेव्हा दारातच उभा होता. धुळ्याकडचा, कामाला चोख, बोलायला कमी. त्याच्या लहानग्या ज्योतीला त्या पावसाळ्यात दोनदा मलेरिया झाला होता. पुन्हा ताप आला तर पोरगी हातची जाईल, या धास्तीने नवराबायको दोघेही अर्धे झाले होते.

मी विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. "रिसेसमध्ये घरी देऊन आलो ना, मॅडम. साहेबच बोलले, हाच तो. बायकोनं पाजलीबी असंल आतापर्यंत." हे सांगताना तो हसत होता. किती दिवसांनी हसला असेल कोण जाणे.

मी लुना काढली, त्याला मागे बसवलं. साहेबांना एवढंच सांगितलं, "हॉस्पिटलला फोन करून ठेवा." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सुपडू राहायचा ते टोकरखाडा मसाटहून काही लांब नाही. पण त्या दिवशी पुढे सुताचे ट्रक, आणि एक मेला बाजूला होईल तर शपथ... तापातून उठलेलं अशक्त पोर, पोटात किती गेलं असेल, उलटी करवायची का, कसं करायचं. माझं डोकं नुसतं गरगरत होतं. मागून सुपडू विचारत होता, "एक नळी कमी पडंल का, मॅडम?" त्याला अजून खरं काय ते सांगितलंच नव्हतं. मी लुनाचा वेग वाढवला.

कॉलन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची लाईन होती. त्याची बायको रेखा उंबऱ्यात बसलेली. मांडीवर ज्योती... तोंड धुऊन, केस विंचरून, पावडर लावून तयार. आत देवाच्या फोटोपाशी तांब्याला टेकवून नळी उभी केलेली होती. कापसाचा बोळा जसाच्या तसा.

मी रेखाच्या समोरच जमिनीवर बसले.

"बरं झालं आल्या," रेखा म्हणाली. "मी ह्यांना सांगणारच होते, संध्याकाळी मॅडमला घेऊन या. ज्याचं औषध त्याच्याच हाताला गुण राहतो. तुमच्या हातानं पाजा."

तिने आतून नळी आणून माझ्या हातात ठेवली आणि ज्योतीची हनुवटी धरली. पोरीने लगेच आ केला...

त्या उघड्या तोंडासमोर बसून मला सांगावं लागलं, की हे औषध नाही. हा आजार आहे, जिवंत आजार. साहेब सांगत होते तो जंतू वेगळा आहे, अजून प्रयोगात आहे, त्याची लस अजून कुणाच्याच लेकराला मिळत नाही.

सुपडूला कळलं. तो भिंतीला टेकून डोकं धरून बसला. रेखाचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला. "आमच्यासाठी नाही राहत का ते?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "साहेब लोकांच्याच पोरांना देता का?"

मी आईची शपथ घेतली. तिचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही. सगळ्यांचे हात साबणाने धुवायला लावले, तांब्या उकळायला सांगितला आणि नळी प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून परत आणली. संध्याकाळी साहेब स्वतः सुपडूकडे मच्छरदाणी घेऊन गेले. काही बोलले नाहीत म्हणे. साहेबांचं हे पहिलंच मौन असावं.

हाताला गुण असतो वगैरे मी मानत नाही, आजही नाही. पण रेखा मानत होती आणि म्हणून ज्योती वाचली. त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

आता आफ्रिकेत मुलांना मलेरियाची लस देतात, असं वाचलं. जंतूबिंतूच्या अंगात बसवलेली नाही, साधी टोचायची. आपल्याकडे मात्र अजून नाही. वाचून खूप बरं वाटलं... आणि पाठोपाठ उंबऱ्यात बसलेली रेखा आठवली. आमच्यासाठी नाही राहत का ते, असं तिने आज विचारलं, तर मी आता कुणाची शपथ घेऊ?