थेंब थांबेपर्यंत

चादरीची दोन टोकं हनुवटीखाली धरून उरलेली दोन जुळवायचा पंपवाल्या काकांचा खटाटोप चालला होता. इतकी वर्षं समोरची टोकं काकू धरायच्या. त्या गेल्यापासून या घरात चादरीची घडी कधी सरळ पडली नाही. तेवढ्यात दारात पाण्याचा टँकर येऊन थांबला, तशी चादर खाटेवर टाकून काका बाहेर आले.

इंजिनाचा आवाज ऐकून ते पायरीवरच थबकले. डब्यात खडे हलवावेत तशी खडखड. मागच्याच आठवड्यात या टँकरच्या इंजिनाचा डिझेल पंप त्यांनी दुरुस्त करून लावून दिला होता, आणि तेव्हा इंजिन कसं गुपचूप चालत होतं.

"काका, तुमची लेक काही सासरी नांदेना," टँकरवाला पंपाकडे बोट दाखवत म्हणाला.

काकांना हसू आलं नाही. डिझेल नेमकं केव्हा सोडायचं ते पंप ठरवतो. जरा लवकर सुटलं की इंजिन असं ठोके देतं. हल्ली ते टायमिंग काका नुसत्या कानाने लावत. आता कानही गेले म्हणायचे, तर पंपदुरुस्तीची शेड बंद करायची, आणि त्या रिकाम्या घरात दिवसभर बसून करायचं काय?

खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे टँकरवाल्याने सांगितलं. मागच्या वेळी येण्याआधी त्याने टाकीत एक बाटली ओतली होती, डिझेल चटकन पेट घेतं म्हणून विकतात ती. त्या औषधाने ठोके दबले होते. आता साधं डिझेल भरलं आणि पंपाची चूक उघडी पडली.

म्हणजे कान शाबूत होते. काकांचा जीव भांड्यात पडला, पण घडीभरच. बाटलीभर औषधाने कान फसतो; खरी रीत थेंबांची. पंपाची नळी सोडायची, एकाने लोखंडी बार लावून इंजिनाचं चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने गळणाऱ्या डिझेलवर डोळा ठेवायचा, आणि थेंब थांबला की चाकावरची खूण नेमकी जागेवर आली का ते बघायचं. दोघांचं काम ते. चाक काकू फिरवायच्या, ओठांत देवाचं नाव घेत. त्या गेल्या, आणि काका कानावर भागवू लागले. दुसऱ्या कुणाला हाक मारायची सवयच नव्हती.

"तो बार घे," ते म्हणाले. "चाक फिरव."

टँकरवाल्याने हिसडा दिला.

"असं नाही रे. देवाचं नाव घेत फिरव. एका नामाला जरासं."

तो थट्टा करणार होता, पण काकांचं तोंड पाहून पुटपुटू लागला. धार बारीक झाली, मग थेंब, मग तोही थांबला. खूण मात्र अजून बरीच लांब होती. काकांनी पंप किंचित फिरवून बोल्ट आवळले आणि पुन्हा थेंब पाहिला. आता जुळलं.

टँकर निमूट चालू लागला. जरा थांब, चादरीचं टोक धर, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. आत येऊन त्यांनी चादर तशीच गोळा करून फळीवर कोंबली.

पिठाच्या गिरणीचं इंजिनही त्यांनी कानानेच लावलं होतं. बार खांद्यावर टाकून ते निघाले, गिरणीवाल्याकडे, चाक फिरवायला एक माणूस मागायला.