बॉल माझ्यामुळे गेला

आज संध्याकाळी बेसा भागातून नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून जात होते. मैदानातून पोरांचा बॉल उडून थेट माझ्या मांडीत पडला.

"काकू, बॉल!" कडेला उभी मुलगी ओरडली.

स्कूटर थांबवायला न सांगता, तिच्यासमोर येताच मी तो फेकला. तो तिच्या बराच पुढे जाऊन नाल्यात पडला.

"पकडता येत नाही काय वं तुले?" मी वर तिच्यावरच खेकसले.

"सॉरी काकू," ती म्हणाली. मागून पोरं तिच्यावर ओरडली, "तुह्यामुळं गेला!"

हे म्हणाले, "तिची काय चूक? बॉललेही गाडीचा वेग राहते ना!"

शाळेत मी हेच शिकवते. तरीही 'परत फिरा' म्हणाले नाही.

उद्या नवा बॉल नेईन. पण सगळ्या पोरांसमोर तिची माफी मागायला माझी जीभ रेटेल का? तुम्ही मागितली आहे कधी?