मुठीएवढं पोट आणि महालक्ष्म्यांची पंगत

पोट कापून लहान करून घेतलं, हे मी कधी लपवलं नाही. शेलूबाजारात असलं काही लपतही नाही. वर्षभरात मी निम्मी झाले, शुगरच्या गोळ्या सुटल्या, आणि आधी मला ‘मोटी’ म्हणणाऱ्या बायाच कुजबुजू लागल्या, हिला काहीतरी मोठं दुखणं असणार. दंडाची कातडी लोंबत होती, केस मूठमूठ गळत होते. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. भीती वेगळीच होती. जमिनीवर बसलं की उठता येईना.

तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चरबीसोबत मांड्यांमधलं मांसही गेलंय. आधी डाळ, दही, अंडं, गोड नाही, पायांना रोज काम. नाहीतर लवकरच काठी धरावी लागेल.

मी घरचं सोयाबीन उकडून खायला लागले. आमच्याकडे ते पिकवायचं विकायला, शिजवत कोणी नाही. नवरा म्हणाला, “ढोराची ढेप कायले खाऊन राह्यली?” मी खात राहिले. पोरी हसल्या तरी खुर्चीवरून ऊठबस करत राहिले.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. आमच्यात त्या दिवशी सवाष्णीने पुरणपोळीला नाही म्हणायचं नसतं, आणि ताटात टाकायची तर मुळीच नसते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंच्या आग्रहाखातर मी ती खाल्ली. थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड. लहान केलेल्या पोटात एकदम गोड गेलं की असं होतं, हे मी सांगत होते. ऐकतो कोण? “नजर लागली हिले,” म्हणत घरच्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि मी जरा सावरताच अंगात ताकद यावी म्हणून पुन्हा पुरणच भरवलं. तो संताप अजून गेलेला नाही.

यंदा सासूबाई पोळी घेऊन समोर आल्या तेव्हा मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

“आत्याबाई, मले वरण वाढा. पोळी नको.”

“महालक्ष्म्याईच्या परसादाले नाही म्हनतं? हाडं दिसून राह्यले तुये.”

“दिसू द्या. मले चालता आलं पायजे.”

सासूबाईंनी तोंड फिरवून पोळी शेजारच्या ताटात वाढली. मी घट्ट वरण आणि दही सावकाश संपवलं. जेवणं आटोपल्यावर मोठ्या जाऊबाईंनी सवयीने हात पुढे केला. मला ओढून उठवायचं काम त्यांचंच. मी मान हलवली, पाय जवळ घेतले आणि जमिनीला हात न लावता उभी राहिले. सासूबाई बघत होत्या.

दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नाही तर नाही. पाय माझे आहेत.