उजव्या बाजूची पाचर

मुलुंडला आग्रा रोडवर दशरथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. नाशकाकडे निघालेला एखादा ट्रक एका अंगाला ओढायला लागला, किंवा कुणा शेटजींच्या गाडीचं स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं, की नाक्यावरचा कुणीही सांगायचा, "दशरथकडे घ्या." दशरथ आधी काही विचारायचा नाही. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसायचा, टायरवरून तळवा एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवायचा, आणि जिकडून खरखर लागेल त्यावरून चाक कुठल्या बाजूला फाकलंय ते सांगून मोकळा व्हायचा.

आता अशा गुणी माणसानं आपल्या गुणावर खूश राहावं की नाही? पण दशरथला स्वतःचं बरं दिसायच्या आधी दुसऱ्याचं बरं दिसायचं. शेजारच्या खोलीत रेडिओ आला की याला जेवण जायचं नाही. मेहुण्याच्या अंगावर नवा कोट दिसला की त्याच्या शिवणीत खोट काढेपर्यंत चैन पडायची नाही. त्याची बायको जानकी मोठी तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "लोकांच्या गाड्या सरळ करता, पण तुमची स्वतःची मान कायम शेजाऱ्याच्या दाराकडे वळलेली!"

अर्थात रेडिओ आणि कोट हे सगळं किरकोळ. खरं दुखणं एकच होतं, आणि त्याचं नाव लुईस.

लुईस कांजूरच्या गावठाणातला. उंच, सावळा, बोलायला कमी आणि काम करताना शीळ घालणारा. तो आणि दशरथ, दोघंही धोंडू उस्तादाचे चेले. उस्ताद कुडाळकडचा, दशरथच्या शेजारच्याच वाडीतला, त्यामुळे दशरथच्या मते उस्तादावर पहिला हक्क त्याचा. तसं पाहिलं तर उस्तादानंही तो मानला होता. हातून जड काम होईना तेव्हा त्यानं गॅरेज दशरथच्या हवाली केलं, आणि लुईसनं मुकाट्यानं रस्त्यापलीकडे पत्र्याची शेड टाकली. एवढं मिळाल्यावर दुसरा कुणी हात जोडून गप्प बसला असता. दशरथ नाही बसला, कारण उस्तादाची मॉरिस लुईसच्या दारात उभी राहायला लागली.

उस्तादाची बायको कधीच गेलेली. सुगंधा नावाची एक मुलगी घाटकोपरला दिलेली. उस्तादाला गोत म्हणून तेवढंच. दर रविवारी म्हातारा आपली जुनी मॉरिस काढायचा आणि लेकीकडे जायचा. गॅरेज सुटलं, विडी सुटली, गाडी काही सुटली नाही. त्या मॉरिसचा प्रत्येक नट दशरथच्या हातचा. पण मे महिन्यात उस्ताद गावी घराची कौलं परतायला गेला, आणि तिथून आल्यापासून गाडी रस्ता ओलांडून लुईसकडे जाऊ लागली. गॅरेजला लागून असलेल्या भाऊच्या हॉटेलात उस्ताद चहा प्यायचा तोही लुईसबरोबर. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट घालायला लागला. दशरथ म्हणायचा, "लुईसच्या संगतीनं म्हातारा साहेब झाला."

"सवत आली म्हणा की तुम्हाला," जानकी म्हणाली. दशरथनं ताट बाजूला सारलं. बाईनं थट्टा केली होती, पण नेमकी दुखऱ्या जागी बसली.

त्यातून त्या वर्षी गजाचा प्रश्न होता. हा गज उस्तादानं स्वतः बनवलेला. एकात एक सरकणाऱ्या दोन सागवानी पट्ट्या आणि मध्ये पितळी स्क्रू. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजायचं, मग मागून मोजायचं. पुढून अंतर किंचित कमी भरलं पाहिजे, तर गाडी नाकासमोर चालते. बाकीचे मिस्त्री सुतळी लावून हे काम करायचे. गज फक्त उस्तादाकडे होता, आणि यंदाच्या खंडेनवमीला तो चेल्याच्या हातात देणार असं उस्तादानं भाऊच्या हॉटेलात चारचौघांत सांगून टाकलं होतं. कुठल्या चेल्याच्या, ते मात्र सांगितलं नव्हतं. दशरथला दुसरं काही सुचेनासं झालं. गॅरेज त्याला मिळालं होतं, पण आग्रा रोडवर उस्तादाचा खरा वारस कोण, हे गजावरून ठरणार होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मॉरिसचं पुढचं चाक नेमकं दशरथच्या दारात बसलं. लुईस चुलतभावाच्या लग्नाला वसईला गेलेला. उस्तादाला इलाज नव्हता. तो गाडीतून उतरला आणि म्हणाला, "नुसता पंक्चर काड हां. दुसऱ्या कशाक हात लावू नको." आणि दाढी करायला न्हाव्याकडे निघून गेला.

दुसऱ्या कशाक हात लावू नको! ज्यानं त्या गाडीला इतकी वर्षं जपलं त्याला हे ऐकवायचं? दशरथच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं पंक्चर काढलं आणि सरळ गाडीखाली शिरला. आणि खाली त्याला जे दिसलं त्यानं त्याचा सगळा राग निवला.

उजव्या बाजूला, स्प्रिंग आणि एक्सल यांच्यामध्ये, लोखंडाची एक पातळ पाचर बसवलेली होती. डाव्या बाजूला काहीच नव्हतं.

अशी पाचर घातली की चाकाचा कल बदलतो. पण घालायची तर दोन्ही अंगांना सारखी. एकाच बाजूला घातली की गाडी दुसऱ्या बाजूला ओढायला लागते. हे उस्तादानं दोघांनाही पहिल्याच वर्षी कान धरून शिकवलेलं. दशरथ गाडीखाली पडल्या पडल्याच हसायला लागला. शीळ घालणारे लुईसराव! एवढी साधी गोष्ट चुकले, आणि तीही कुणाच्या गाडीत, तर उस्तादाच्या!

त्यानं पाचर काढली, सुतळी लावून चाकं तपासली आणि नाक्यापर्यंत गाडी फिरवून आणली. जाताना दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडून दिले. गाडी रेघेसारखी सरळ गेली. मग त्यानं ती पाचर तारेत ओवली आणि भाऊच्या हॉटेलच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल अशी टांगली.

"ही बघा लुईसची अक्कल," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. "एकाच अंगाला घातलेली. उस्तादांची गाडी आहे म्हणून बरं, दुसऱ्या कुणी फाडून खाल्ला असता त्याला."

उस्ताद गुळगुळीत दाढी करून आला आणि गाडी घेऊन गेला. निघताना मॉरिस उजवीकडे गेली, झटक्यानं डावीकडे आली, पुन्हा उजवीकडे गेली. दशरथ भाऊला म्हणाला, "बघ, लुईसनं म्हाताऱ्याची सवयसुद्धा बिघडवून ठेवलीय." त्या दिवशी त्याला जेवण छान गेलं. जानकीनं न मागता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज धुऊन काढलं. खंडेनवमीला उस्तादाच्या सगळ्या चेल्यांची हत्यारं एकत्र पुजायची ही जुनी रीत, आणि लुईसही आपले पाने, हातोडा नि जॅक घेऊन दरवर्षी यायचा. "हत्याराक खंयची जात?" असं उस्ताद म्हणायचा. सतरंजीवर हत्यारं मांडली, मधोमध उस्तादानं सकाळीच पाठवून दिलेला गज ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्यार कामाला उचलायचं नाही. त्या दिवशी मोटारमालक कितीही गयावया करो, आग्रा रोडवर कुणी पानासुद्धा फिरवायचा नाही.

रात्रीच वसईहून परतलेला लुईस चहाला म्हणून भाऊकडे गेला आणि खांबापाशी थांबला.

"ही कुठून आली?"

दशरथ याच घटकेची वाट बघत होता. चार माणसं ऐकतील अशा आवाजात तो म्हणाला, "ओळखलीस का? तुझीच आहे. एका पायात चप्पल घालून चालतोस का रे तू?"

माणसं हसली. लुईस हसला नाही, चिडलाही नाही. त्याचा चेहराच उतरला. त्यानं दशरथचं मनगट धरलं आणि त्याला जुन्या टायरांच्या ढिगामागे नेलं.

"काढलीस? आणि ते गाडी घेऊन गेले?"

"मग? सरळ करून दिली."

"अरे बाबा, त्यांचा डावा हात वर होत नाही," लुईस हळू आवाजात म्हणाला. "गावी कौलं परतताना पडले. वैद्यानं हाड वाकडं बसवलं. सगळं स्टिअरिंग उजव्या हातावर येतं, आणि त्या हाताच्या वजनानं गाडी उजवीकडे जाते. म्हणून मी ती मुद्दाम डावीकडे ओढती ठेवली. हात इकडे खेचतो, गाडी तिकडे खेचते, म्हणून ते नीट जातात. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

दुसरा कुणी असता तर आधी घाबरला असता. दशरथच्या मनात पहिल्यांदा काय आलं म्हणाल, तर हे, की उस्तादानं शर्टाची बाही वर केली ती लुईससमोर. गाववाला मी, गॅरेज माझ्याकडे, आणि दुखलेला हात दाखवायला लुईस! आतून नुसता जाळ झाला त्याच्या. भीती त्याच्या मागून आली, आणि तेवढ्यात मॉरिसचा हॉर्न वाजला.

गाडी रस्त्याच्या उजवीकडे आली, तिथून वळवता वळवता डावीकडे फेकली गेली, आणि गॅरेजच्या बाजूला पडलेल्या खडीच्या ढिगात शिरली. मडगार्ड चेपलं. उस्ताद उतरला. कपाळावर घाम होता.

"कुत्रो आडवो इलो," तो म्हणाला.

रस्त्यावर कुत्रं नव्हतं. भाऊ म्हणाला, "उस्ताद, आता गाडी आम्हालाच चालवायला द्या की!" सगळे हसले, उस्तादही हसला. दशरथनं त्याच्याकडे पाहिलं. डावा हात अंगाला चिकटलेला होता आणि त्याची बोटं शर्टाचं टोक घट्ट धरून होती. मे महिन्यापासून हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याला दिसला होता फक्त लांब बाह्यांचा शर्ट.

उस्तादानं कोकणच्या रितीनं देवापुढे गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! लेकरांनी हत्यारां तुझ्या पायाकडे ठेवली हत, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, लुईससुद्धा.

"कोणाच्या मनात वाकडा काय असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दशरथ पुटपुटला.

पूजा आटोपली. उस्ताद म्हणाला, गज देतो आणि सणाला सुगंधाला आणायला घाटकोपरला निघतो. म्हणजे हाच रस्ता, हाच हात, आणि आता सरळ झालेली गाडी. सगळे बघायला उभे. आज गाडी पुन्हा कुठे धडकली तर म्हाताऱ्याच्या हातात ती कुणी राहू देणार नव्हतं, आणि रविवारची लेक सुटली असती.

दशरथ उठला आणि सतरंजीवरचा जॅक आणि पाना उचलला. झेंडूची फुलं खाली पडली.

"अरे ए, पूजेतलं हत्यार!" भाऊ ओरडला. "उद्यापर्यंत उचलायचं नाही!"

"माझ्या हातून गाडी बिघडलीय," दशरथ म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघत होतं, त्यामुळे जरा अडखळलं. "लुईसचं बरोबर होतं. पाचर तिथंच पाहिजे होती."

"मग काल खांबाला टांगून काय सांगत होतास?"

"गाढवपणा सांगत होतो माझा. काढ ती तिथून, दे इकडे."

खूप हशा पिकला. दशरथ कुंकवानं भरलेला पाना घेऊन गाडीखाली शिरला. माणसं प्रसादाकडे वळली. जवळ फक्त लुईस होता, नट हातात देत. उस्ताद वाकून बघत होता.

"मला का नाही सांगितलंत?" दशरथनं खालूनच विचारलं. वर तोंड करून विचारायची त्याची छाती नव्हती.

उस्तादानं उजव्या हातानं डाव्या बाहीचं बटण चाचपलं.

"तुका सांगान काय उपेग?" तो म्हणाला. "तू गाडी सरळच करतलंस. माका गाडी सरळ नको हुती."

दशरथनं शेवटचा नट आवळला. जरा जास्तच आवळला.

मग गज. उस्तादानं लुईसचं नाव घेतलं, आणि दशरथला ते ऐकायच्या आधीच कळलं होतं. लुईस पुढे झाला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. गज लांबलचक, आणि असली वस्तू गुरूनं द्यायची ती दोन्ही हातांनी. उस्तादानं उजव्या हातानं एक टोक धरलं. दुसरं टोक सतरंजीवरच राहिलं. डावा हात हलला, छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. भाऊ बघत होता. सगळेच बघत होते.

दशरथ उठला आणि त्यानं दुसरं टोक उचललं, जणू काही अशीच रीत होती. "मोठ्या चेल्यानं एक टोक धरायचं असतं," तो मोठ्यानं म्हणाला. अशी रीत कुठेच नव्हती. पण कुणी शंका घेतली नाही, आणि उस्तादानं मान खाली घातली.

उस्तादानं आपलं टोक लुईसच्या हातात सोडलं. दशरथचं टोक दशरथच्याच हातात होतं. सागवान गुळगुळीत होतं, त्यावर उस्तादाच्या बोटांच्या खुणा होत्या. लुईस वाट बघत उभा होता. ओढत नव्हता.

"घे रे," दशरथ म्हणाला, आणि त्यानं हात सोडला.

थोड्या वेळानं मॉरिस घाटकोपरकडे निघाली. चेपलेल्या मडगार्डानिशी, पण दोरी लावल्यासारखी सरळ. माणसं वाहवा करत होती. ती कुणाच्या पाचरीनं सरळ चालली होती ते दशरथला ठाऊक होतं, आणि ती वळणाआड होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. पोटात दुखलंच त्याच्या. पण नजर मात्र त्यानं एकदाही लुईसच्या शेडकडे वळवली नाही.