वस्तूची पाठ वाचणारे आबा

माझे सासरे कोणाच्याही घरी गेले की आधी तिथल्या पंख्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. पाणी आलं, चहा आला, तरी आबा चष्मा कपाळावर चढवून मागच्या पत्र्याच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचत असायचे. किती व्होल्ट, किती वॉट, किती फेरे. धाकट्या नणंदेला दाखवायला शिरपूरला गेलो, तेव्हा मुलाकडची माणसं बैठकीत ताटकळली आणि आबा ओट्यावरचा मिक्सर उपडा करून बघत होते. लग्न ठरलं. जाताना मुलाच्या आईला ते म्हणाले, "मिक्सर चांगला आहे, फक्त सलग फार वेळ चालवू नका. तसं लिहिलंय त्यावर."

आबा धुळ्याला वीज खात्यात होते. खांबावरून सुरुवात करून ते सबस्टेशनपर्यंत पोचले. "वस्तूचं तोंड दुकानदारासाठी असतं, पाठ आपल्यासाठी," असं ते म्हणायचे. घरात काही आणलं की खोक्यातला कागद आधी त्यांच्याकडे जायचा. तो वाचून होईपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही. माझ्या लग्नातला कुकर असा तीन दिवस कोरा बसून होता.

सासूबाई गेल्यावर आबा आमच्याकडे जळगावला आले. धुळ्याचं घर बंदच केलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सामान एक ट्रंक, एक टेपरेकॉर्डर आणि बुटांच्या खोक्यात बांधलेल्या कॅसेटी. ते खोकं त्यांनी पलंगाखाली सरकवलं, ते आमच्यासमोर बरेच दिवस बाहेर निघालं नाही.

नव्वदच्या दशकाचा तो शेवट होता. मी आणि माझा नवरा शिरीष खालच्या मजल्यावर लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापण्याचं डीटीपीचं काम करायचो. एक संगणक खाली, एक वर, आणि दोघांना जोडणारी काळी वायर खिडकीतून गेलेली. डिस्क सारखी भरायची. मग शिरीषने ठरवलं, एका जुन्या संगणकाच्या डब्यात मोठी डिस्क बसवायची आणि घरातलं सगळं त्यातच ठेवायचं, म्हणजे खालूनही दिसेल, वरूनही. संगणकाच्या दुकानातून त्याने दोन-तीन डिस्कांची माहितीपत्रकं आणली. मला वाटलं, आबा नेहमीसारखी चाळतील. पण या वेळी त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

"यात गाणं किती तास मावतं?"

शिरीषने अंदाजाने सांगितलं. आबा उठले, पलंगाखालचं खोकं ओढलं आणि आमच्यासमोर ठेवलं. "कानबाईची गाणी. श्रावणात देवी बसवायचो तेव्हा तुमच्या आईने म्हटलेली. मागच्या महिन्यात एक लावून बघायला घेतली, तर फीत चिकटलेली. लावली असती तर तुटली असती." मग मान खाली घालून, एरवी आमच्याशी फारशी न वापरलेल्या अहिराणी बोलीत म्हणाले, "त्यामा तिना आवाज शे."

त्या दिवसापासून डिस्कची निवड हे घरातलं सगळ्यात मोठं काम झालं. शिरीषला सगळ्यात वेगाने फिरणारी, सगळ्यात मोठी डिस्क हवी होती. आबांनी पत्रक डोळ्यांजवळ धरलं.

"ही मिनिटाला बहात्तरशे फेरे घेते. गरम किती होईल?"

"आबा, वेग नको का?"

"तुझी वायर केवढी? त्यातून किती जातं?" शिरीषने आकडा सांगितला. आबा हसले. "म्हणजे पाइप अर्धा इंची आणि मोटर पाच हॉर्सपॉवरची. पाणी तेवढंच येणार, मोटर मात्र तापणार."

पत्रकात लिहिलं होतं, डिस्क पंचावन्न अंशांपर्यंत चालेल. जळगावचा मे महिना होता. आबांनी तापमापक घेतला आणि दुपारभर घरात फिरले. गच्चीखालच्या खोलीत ठेवला, दुकानात ठेवला, शेवटी जिन्याखाली माठ असायचा तिथे ठेवला. "डबा इथे," ते म्हणाले. माठ स्वयंपाकघरात गेला. पाहुण्यांना बरेच दिवस कळेना, यांच्याकडे पाणी कुठे आणि संगणक कुठे.

पत्रकातल्या एका ओळीवर मात्र ते खूप हसले. सरासरी आयुष्य पाच लाख तास. कागदावर भागाकार करून त्यांनी मला दाखवला. "सत्तावन्न वर्षं! ही कंपनी तरी तेवढ्या वयाची आहे का? माणूस असा बोलला असता तर त्याच्याशी सोयरीक केली नसती." मग गंभीर होऊन म्हणाले, "मोठी एक नको. कमी वेगाच्या, लहान, दोन घ्या. एकीत जे, तेच दुसरीत."

शिरीष वैतागला. "आबा, तेच ते दोनदा ठेवायचं? अर्धी जागा फुकट!"

"फुकट नाही रे. तुझ्या पत्रिका पुन्हा छापता येतील."

त्यांचा हात कॅसेटींच्या खोक्यावर होता. शिरीषने दुसऱ्या दिवशी दोन डिस्क आणल्या.

मग रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मी टेपरेकॉर्डरची वायर संगणकाला जोडायची आणि आबा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. पहिली कॅसेट लावताना त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं. शेवटी मीच दाबलं. आधी खरखर, मग बायकांची कुजबुज, मग सासूबाईंचा तो थोडा घोगरा, मोकळा आवाज. दोन कडवी झाली आणि मध्येच गाणं थांबलं. "आते बंद करा ना ते! किती वेळ धरी ऱ्हायनात!" मागे बायका खिदळल्या. टेपरेकॉर्डर धरून समोर बसलेले आबाच होते. आबा आधी हसले. मग धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले. कॅसेट संपेपर्यंत तो पुसून झाला नाही.

चिकटलेली कॅसेट वाचली नाही. बाकी सगळ्या उतरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दोनातली एक डिस्क टकटक आवाज करू लागली आणि संध्याकाळपर्यंत बंद पडली. जिन्याखालची थंड जागा, कमी वेग, सगळं पाळूनही. मला भीती वाटली, आबांना सांगायचं कसं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "कागद खोटं बोलत नाही," ते म्हणाले, "पण सगळंही बोलत नाही." दुसरी डिस्क चालू होती. शिरीषने त्याच दिवशी जाऊन आणखी एक आणली, आबांना न विचारता. गाणी तिच्यावर चढली हे स्वतः ऐकून बघितल्यावरच आबा जेवायला बसले.

त्या श्रावणात त्यांनी ट्रंक भरली. "धुळ्याला जातो. घर उघडायला हवं."

"एकटे राहाल?" मी विचारलं.

"इतके दिवस तिथे राहवत नव्हतं, माय. घर गप्प होतं."

मी डिस्कवरची गाणी नव्या कॅसेटींवर भरून दिली. बसस्टँडवर शिरीषने ट्रंक वर चढवली. टेपरेकॉर्डर मात्र आबांनी कोणाला दिला नाही, मांडीवर घेऊनच बसले.

पुढची काही वर्षं, अखेरपर्यंत, ते तिथेच राहिले. धुळ्याला जाऊन महिना झाला असेल, तेव्हा मी काळजीने त्यांच्या शेजारच्या अक्कांना फोन केला. आबा जेवतात का, झोपतात का, विचारलं. अक्का मोठ्याने हसल्या.

"त्यास्नी काय चिंता करस? दुपारले ती गास आणि आबा तिना मांगे गातस. सूर नही, पन शब्द एक बी चुकत नही."