आज वेल्डिंग मशीन भंगारात दिलं

मंडळी, डिझेल इंजिनवर चालणारं माझं वेल्डिंग मशीन आज भंगारात गेलं. मघापासून नुसता बसून आहे.

शहाऐंशी साली बोईसरला दुकान होतं, तेव्हा ते नवंकोरं घेतलं होतं. मेकॅनिकने बजावलं होतं, "पहिला महिना हलकीच कामं कर. आत्ताच जोर काढलास तर इंजिन कायमचं बिघडेल."

चौथ्या दिवशी सातपाटीच्या एका मच्छीमार बोटीचा तांडेल दारात. "दादा, सुकाणूचा लोखंडी दांडा तुटलाय. बंदरावर लाइट नाय. आजचं उधाण चुकलं तं बोट पंधरा दिवस वाळूतच. आमी खायचं काय?"

मशीन टेम्पोत चढवलं. चार तास फुल करंटवर दांडा जोडला. बोट उधाणावर समुद्रात गेली. त्या दिवसापासून इंजिन ऑइल खायला आणि धूर सोडायला लागलं. त्या धुरापायी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

चुकलं का माझं? मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही काय केलं असतंत?

आज भंगारवाल्याने एकदा चालू करून पाहिलं. धुराने तोंड फिरवत म्हणाला, "चाचा, ये शुरू से ऐसाच है क्या?"

म्हटलं, "नाही रे. पहिले तीन दिवस चांगलं होतं."